दगा जॉइंट

२ जानेवारी, गुरुवार. सकाळ.

पाइप परत फुटला. त्याच जागी.

कोसाडच्या आमच्या बिल्डिंगला दोन विंग. टाकी अ विंगच्या गच्चीवर. आमच्या ब विंगला पाणी येतं ते दोन विंगमधली फट ओलांडून, एकाच पाइपातून. दोन्ही विंग एकदमच बांधल्या, पण ब विंग दरवर्षी थोडी खचते आणि अ विंग खचत नाही. वर पाइप दुपारी तापून लांबतो, पहाटे आखडतो. दोन भावांच्या भांडणात मधे ताठ उभा राहिलेला माणूस जसा मार खातो, तसा तो पाइप मार खातो.

प्लंबर येतो, नवा तुकडा चिकटवतो, जातो. पाइप पुन्हा फुटतो. इतक्या वर्षांत कोणालाच मूळ दुखणं कळलं नाही. मला आज दात घासताना कळलं (तांब्यातल्या पाण्याने). जोड लवचीक पाहिजे. पाइप ताठ राहू दे, जोड वाकला पाहिजे. वाकेल पण गळणार नाही.

असा जोड मी बनवणार. ठरलं.

३ जानेवारी.

डिझाइन तयार. दोन्ही पाइपांची टोकं एका मोठ्या पाइपाच्या तुकड्यात सारायची. मधल्या जागेत ट्रकच्या ट्यूबचं रबर. वरून क्लिपा. टोकं आत मागेपुढे सरकतील, रबर पाणी अडवेल. सोपं आहे. मोठे शोध सोपेच असतात.

बायको मालती म्हणाली, "नळले पानी नही, आन तुम्ही कागद रंगाई ऱ्हायनात." मी सांगितलं की पाणी कागदातूनच येतं. ती हंडा घेऊन खाली गेली.

५ जानेवारी, रविवार.

सोसायटीची मीटिंग. सेक्रेटरी प्रमोद. मुलगा चांगला आहे, पण दृष्टी नाही. म्हणाला, बाजारात रबराचे तयार जॉइंट मिळतात, एक आणून बसवू. मी उभा राहिलो. सचिन गावच्या डाइंग हाउसमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, मी जन्म काढला, वाफेच्या लाईनी काय असतात ते मला विचारा, असं ठणकावून सांगितलं.

प्रमोद म्हणाला, "आप्पा, तुम्ही तर स्टोअरला होता ना?"

काही लोक हसले. स्टोअरला होतो म्हणजे काय? त्या कारखान्यातलं प्रत्येक गॅस्केट, प्रत्येक वायसर माझ्या हाताखालून गेलं आहे. फिटर फक्त बसवतो. देणारा मी.

शेवटी परवानगी मिळाली. संक्रांतीपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर तयार माल. जॉइंटला नाव काय, असं कोणीतरी विचारलं. मी म्हणालो, शोध लावणाऱ्याचं नाव देतात. दगा जॉइंट.

पुन्हा हसले. माझं नाव आजोबांनी ठेवलं आहे. आमच्या नंदुरबारकडे गावोगाव दगा आहेत आणि एकानेही कोणाला दगा दिलेला नाही. नाव बदलणार नाही.

७ जानेवारी.

अमरोलीच्या हार्डवेअरवाल्याकडे क्लिपा घ्यायला गेलो. काय करायचंय म्हणून त्याने विचारलं, मी चित्र काढून दाखवलं. तो गुजरातीत म्हणाला, "काका, तैयार लई जाओ ने." तयारच घेऊन जा म्हणे. शोधाचा पहिला शत्रू दुकानदार.

८ जानेवारी. दुपार.

जॉइंट बसवला. व्हॉल्व्ह उघडला. ब विंगला पाणी आलं! मालतीने पहिल्यांदा स्वतःहून चहा विचारला. खालच्या मजल्यावरच्या धुरपदाबाई अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, "आप्पा, तुमचे हात देवाने घडवले." विधवा बाई, साड्यांवर टिकल्या चिकटवून घर चालवते, पण गुणाची पारख आहे.

८ जानेवारी. संध्याकाळ.

जॉइंटमधून थेंब येतो. प्रमोदने गच्चीवर येऊन ही गळती म्हणून सांगितलं. गळती नव्हे. नवं रबर घाम टाकतं. त्याला समजावलं. तो "बरं" म्हणाला, पण ज्या आवाजात म्हणाला तो मला आवडला नाही.

९ जानेवारी.

घाम वाढला. क्लिपा आवळल्या. अंगात होतं नव्हतं ते बळ लावून आवळल्या. घाम थांबला! पाना ठेवून मी गच्चीवर एकटाच हसलो.

१० जानेवारी.

पाइप फुटला. पण जॉइंटमध्ये नाही, जॉइंटच्या शेजारी. हे महत्त्वाचं आहे. जॉइंट शाबूत आहे. पाइप माझा नाही.

मालतीचं म्हणणं, इतकं आवळल्यावर जोड सरकणार कसा, तो पुन्हा ताठच झाला. मी म्हणालो, तू स्वयंपाक बघ. ती म्हणाली, "माले बी आंग धवाले पानी लागस." विषयाला सोडून बोलते.

कडक राहील तो तुटेल, हे माझं तत्त्व मी प्रमोदलाही ऐकवलं. त्याने मान्य केलं नाही म्हणून त्याच्याशी बोलणं बंद केलं.

११ जानेवारी.

नवा विचार. सगळी चूक घर्षणाची. रबराला खोबरेल तेल लावलं. क्लिपा जेमतेम. पाइप आत असा सरकतो की बघत राहावं. वर एक थेंब नाही. तुकड्याच्या बाहेर रबराची दुसरी पट्टी गुंडाळली आहे, ती घाम पिते.

प्लंबरने येऊन बघितलं आणि विचारलं, हे धरून कोण ठेवणार? दोन्ही पाइप भिंतीला बांधा, म्हणाला. मी हात जोडले. बांधायचंच असतं तर एवढा शोध कशाला लावला असता? मोकळेपणा हाच तर शोध आहे.

१२ जानेवारी.

पूर्ण दिवस कोरडा. ब विंगमध्ये लोक मला आधी नमस्कार करतात.

योगेंद्रसाहेबांना फोन केला. डाइंग हाउसचे मेंटेनन्स इंजिनियर. मी रिटायर झालो तेव्हा नवे लागले होते, माझ्या मुलाच्या वयाचे. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, जेवायला या, एक वस्तू दाखवायची आहे, असं सांगितलं. "नक्की येतो आप्पा," म्हणाले. कारखान्यात किती लाईनी आहेत! प्रत्येक जोडावर माझं नाव. प्रमोदला हे सांगायला गेलो, मग आठवलं की आपलं बोलणं बंद आहे. तरी सांगितलं.

१४ जानेवारी, मंगळवार. उत्तरायण. सकाळ.

गच्ची माणसांनी गच्च. पतंग, स्पीकर, चिक्की. कोणीही पाइपवर पाय ठेवू नये म्हणून मी जॉइंटशेजारी खुर्ची टाकून बसलो आहे. मालती उंधियू आणि पुऱ्या घेऊन वर येणार. योगेंद्रसाहेब पोचतीलच.

१४ जानेवारी. संध्याकाळ.

जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण लोक उद्या भलतंच सांगतील.

योगेंद्रसाहेब आले. जॉइंटकडे वाकून बघितलं. हाताने हलवून बघितलं. म्हणाले, "आप्पा, डोकं चांगलं चालवलंय." हे मी सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणायला लावलं. मग त्यांनी विचारलं, "पण पाण्याचा दाब दोन्ही टोकांना बाहेर ढकलेल, तेव्हा काय अडवणार?"

मी म्हणालो, साहेब, आधी जेवून घ्या.

ते जेवत होते. खाली ब विंगमध्ये सगळ्यांनी एकदम नळ बंद केले असणार, कारण जेवायची वेळ झाली. पाइपात धक्का बसला. पाइप हलला. मी खुर्चीवरून उठून दोन्ही हातांनी धरला. ज्याने स्वतः धरून बघितलं नसेल त्याने बोलू नये. भरलेल्या टाकीचं पाणी बैलासारखं येतं.

टोक सटकलं. पाणी आधी साहेबांच्या ताटात, मग फटीतून सरळ खाली. पतंग कापल्यावर "लपेट, लपेट" ओरडणारे मांजा टाकून बाजूला पळाले. प्रमोदने पळत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला.

फटीला लागून खाली धुरपदाबाईंची खिडकी. खिडकीखाली साड्यांचे गठ्ठे. टिकल्या लावून झालेले, काम देणाऱ्या शेठकडे परत जायचे. सणाच्या दिवशी खिडकी उघडी ठेवतं का कोणी?

१५ जानेवारी. वाशी उत्तरायण, म्हणजे सणाचा दुसरा दिवस.

पाण्याने टिकल्यांचा गोंद सुटला. धुरपदाबाईंच्या खोलीत फरशी चमचम करते आहे. त्या भांडल्या नाहीत. मी दारात उभा होतो तेव्हा म्हणाल्या, "आप्पा, शेठ आता माल दुसरीकडे देईल." एवढंच. मग ओल्या साड्या एकेक करून दोरीवर टाकत राहिल्या.

पतंगवाल्यांच्या नाचण्याने गच्ची हादरली हे मी सांगणार होतो. सांगितलं नाही. वेळ बरोबर नव्हती.

योगेंद्रसाहेबांचा शर्ट मालतीने धुऊन इस्त्री करून ठेवला आहे. ते प्रमोदचा घालून गेले.

१६ जानेवारी.

मालतीने जेवण वाढलं नाही. म्हणाली, आधी खाली जा, त्या बाईसोबत बस आणि टिकल्या लाव. मी विचारलं, मी? सचिनच्या डाइंग हाउसचा माणूस? ती म्हणाली, "हां. तुम्हीच."

गेलो. भुकेमुळे नाही, तत्त्व म्हणून.

१७ जानेवारी.

टिकली चिमट्याने उचलायची, गोंदाच्या थेंबावर ठेवायची, हलकं दाबायचं. मी सुचवलं की आधी सगळा गोंद लावून मग सगळ्या टिकल्या एकदम पेरल्या तर काम झपाट्याने होईल. धुरपदाबाई म्हणाल्या, "आप्पा, तुमचं डोकं थोडं बाजूला ठेवा. नुसते हात आणा." मला कोणी असं बोललेलं नाही. मी उत्तर देणार होतो, पण बोटांना टिकल्या चिकटल्या होत्या.

प्रमोदची बायको आणि मालतीही येऊन बसतात. बायका माझ्यासमोर माझ्यावरच बोलतात. मी ऐकत नाही.

१९ जानेवारी, रविवार.

साड्या गेल्या. शेठने उलटसुलट करून बघितल्या, कुरकुरला, पण घेतल्या आणि नवा गठ्ठाही दिला. धुरपदाबाई जिना चढून आमच्या दारात सांगायला आल्या. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी पंख्याकडे बघितलं.

मोकळा झालो. आता जॉइंटची पुढची आवृत्ती. दोन्ही बाजूंना सळया लावून बांधायचं. हा विचार माझा स्वतःचा आहे.

२२ जानेवारी.

मीटिंग. मी चित्र घेऊन गेलो. सळयांसकट. प्रमोदने नीट बघितलं, आणि हे मान्य केलं पाहिजे की पुढच्याकडे देण्याआधी पूर्ण बघितलं. मग म्हणाला, आप्पा, कमिटीने ठरवलं आहे, तयार जॉइंटही नको. ब विंगच्या गच्चीवर वेगळी टाकी बसवायची, तिला खालून वेगळी लाईन. फट ओलांडायचीच नाही.

मी म्हणालो, ही पळपुटेपणाची गोष्ट झाली. अडचण समोर आली की माणूस तिच्याशी झुंजतो, रस्ता बदलत नाही. मी एकट्याने विरोधात हात वर केला. बराच वेळ वर ठेवला.

मालतीचा हात दुसऱ्या बाजूने वर होता.

२६ जानेवारी, रविवार.

झेंडावंदनानंतर टाकी वर चढवली. काळी, मोठी, कोणीही बनवू शकेल अशी. दोर ओढायला माणसं कमी पडत होती म्हणून मी एक टोक धरलं. विरोध कायम ठेवून धरलं.

२ फेब्रुवारी, रविवार.

ब विंगला आठवडाभर पाणी आहे. कुठेही फुटलं नाही, कारण फुटण्यासारखं काही ठेवलेलंच नाही.

सकाळी गच्चीवर गेलो. फटीच्या दोन्ही बाजूंना जुन्या पाइपाची टोकं कापून टोपणं बसवली आहेत. मी हाताने चाचपली. दोन्ही कोरडी. प्रमोद नवीन टाकीचं झाकण बघायला आला होता. मी त्याला म्हणालो, शेवटी गळती बंद झाली की नाही?

मला वाटलं तो हसेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

तो म्हणाला, "हो आप्पा. तुमच्यामुळेच झाली."

खरंच मनापासून म्हणाला. अजून राग येतो आहे.

धुरपदाबाईंचा निरोप आला. लग्नाचा सीझन आहे, काम वाढलंय, उद्यापासून बसाल का. येताना चष्मा आणा, म्हणाल्या, आणि डोकं घरीच ठेवा.

चष्मा पुसून ठेवला आहे.