मोटर फिरली, पण उलटी

बडोदे, १२ जानेवारी १९९६

गिरणीच्या मालकांना भागीरथीचा पाया पडून नमस्कार.

मी पास झाले. आधी तेच लिहिते, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत जीव टांगून वाचाल.

काल प्रतापनगरच्या वर्गात परीक्षा झाली. जळलेली मोटर एकटीने खोलायची, नवी तार भरायची, चालवून दाखवायची. बाकीच्या बाया तारेचे वेढे वहीत मांडत होत्या. मी आपले विसाविसाने मोजले, एक चुकला नाही. बटण दाबलं तर मोटर फिरली, पण उलटी! मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले, "बेन, आ तो ऊंधी फरे छे!" मी म्हटलं, "फिरली ना? मग थांबा, सुलटी करते." दोन तारांची अदलाबदल केली आणि झाली सरळ.

पहिल्या दिवशी बांगड्या काढा म्हणाले होते, तारेला ओरखडा पडतो म्हणून. नवरा जिवंत असताना कशाला काढू? वेढ्यांवर बांधायची सुती पट्टी बांगड्यांवरच गुंडाळली. आता सगळ्या बाया तसंच करतात.

तुमच्या पायाचं प्लास्टर निघालं का? खरं सांगा. वैष्णवीने पत्रात शाळेचं सगळं लिहिलं, बापाच्या पायाचं एक अक्षर नाही. सासूबाईंना म्हणावं, जात्यावरचं दळण आता रविवारपर्यंतच.

आपली जळलेली मोटर न्यायला तालुक्याचा माणूस आला तर देऊ नका. आठ आठ दिवस गिरणी बंद ठेवतो मेला. पट्टा तेवढा उतरवून ठेवा. सोमवारी मीच खोलणार.

मोठ्यांना नमस्कार, पोरांना एकेक धपाटा.

तुमची भागीरथी