बाटल्यांच्या रेघा

३ मार्च, सोमवार
दोंडाईच्याला आलो. घर चांगलं आहे. दोन खोल्या, मागे कडुनिंब, कॉलेज चालत सात मिनिटांवर. घरमालक झुलालनानांनी नळाची वेळ सांगितली आणि पोरीला बघून म्हणाले की भाडेकरू एकच सांगितला होता, ही बाई कोण? बऱ्याच दिवसांनी हसलो. उद्यापासून प्रयोगशाळा सहायक म्हणून हजर व्हायचं, सकाळी सात ते बारा.
बाळंतपणात ऋतिका जाऊन त्र्याऐंशी दिवस झाले. पोर तेवढ्याच दिवसांची. आतापर्यंत फैजपूरला माझी बहीण कामिनीताई सांभाळत होती. डॉक्टरांनी दुधाची आणि वजनाची नोंद ठेवायला सांगितलं आहे, म्हणून ही वही. आजचं वजन ५ किलो २०० ग्रॅम.

४ मार्च
पोर सांभाळायला मंजुळाअक्का येऊ लागल्या. साठीच्या आहेत, नखं कापलेली, हात स्वच्छ. माझ्या अपेक्षा मी कागदावर लिहून ओट्याच्या वर चिकटवल्या. बाटली दहा मिनिटं उकळायची. मी कॉलेजात असताना दोन वेळा डब्याचं दूध. काजळ नाही, धुरी नाही, गुटी नाही. हे सगळं वाचून दाखवलं. अक्का म्हणाल्या, "भाऊ, मी नऊ नातरे मोठा करात, कागद वाचीसन नही." पण पोरीला पाजलं की कॅलेंडरवर पेन्सिलीने रेघ मारायची, हे त्यांना आवडलं. लिहिता येत नाही, रेघ मारता येते म्हणाल्या.

८ मार्च
दोन रेघा हव्या होत्या, पाच होत्या. बाटल्या दोन्ही भरलेल्या. पोर झोळीत शांत झोपलेली, ओठाच्या कोपऱ्यात दूध. मी आवाज न चढवता विचारलं की खोट्या रेघा का मारल्या. अक्का म्हणाल्या की पाजलं की रेघ मारा असं तुम्हीच सांगितलं होतं, मी पाजलं असं कुठं म्हटलं? मला हा उर्मटपणा वाटला.
मी बाटली दिली तर पोरीने तोंड फिरवलं आणि मोठा ढेकर दिला.

१० मार्च
वजन ४ किलो ९००. अक्कांना समोर बसवून स्पष्ट बोललो. गुटीत काही घालून झोपवत असाल तर आत्ताच सांगा म्हटलं. एक आठवडा देतो, वजन वाढलं नाही तर दुसरी बाई बघेन.
त्या चिडल्या नाहीत. "पोट भरेल शे तिनं," भरलेलंच आहे, एवढंच म्हणाल्या. मग विचारलं की स्मशानातून घरापर्यंत राई टाकली होती का. बाळंतीण गेली की आमच्याकडे टाकतात, म्हणजे ती लेकराकडे परत येत नाही. ऋतिका गेली तेव्हा जळगावला माझ्या मामी राईची पुडी घेऊन आल्या होत्या. मीच टाकू दिली नाही. ऋतिकाला कोणी असं हाकलावं, हे मला सहन झालं नसतं. तसं सांगितलं.
अक्का पोरीकडे बघत म्हणाल्या, "मंग ती ईच ना, भाऊ. माय शे ती."

१३ मार्च
रेघा नऊ. बाटल्या भरलेल्या. ४ किलो ७००.

१५ मार्च, शनिवार
अक्कांचं काम बघायला रजा घेतली. त्या मागे कपडे धूत होत्या. साडेनऊला झोळी हलू लागली. वारा नव्हता, पंखा बंद होता. पोरीचे ओठ काहीतरी धरल्यासारखे हलत होते, गळ्याखाली घोट उतरताना दिसत होता. शेजारच्या खुर्चीची गादी दबलेली. ऋतिकाच्या केसांचा वास आला, धुतल्यावर यायचा तो.
मला उठून बाटली द्यायला हवी होती. मी चाळीस मिनिटं बसून राहिलो. भीती वाटली नाही. हेच लिहायला लाज वाटते.

१७ मार्च
आठवडा संपला. ४ किलो ४००. अक्कांनी राईची पुडी आणली. म्हणाल्या की ज्याने अग्नी दिला त्यानेच उंबऱ्यावर टाकायची. झोळी स्थिर असताना, ती बाहेर असताना; आत असेल तर आतच बांधली जाते. मेलेलीच्या दुधात काही नसतं, पोर भरल्या पोटी वाळून जाईल.
मी पुडी ठेवून घेतली. अक्कांना उद्यापासून येऊ नका म्हणालो.

१९ मार्च
डॉक्टरांनी धुळ्याला भरती करा म्हणून चिठ्ठी दिली. उद्या नेतो म्हणालो. ऋतिका तिथे येईल का, माहीत नाही.

२० मार्च
नेलं नाही. झोळीपुढे उभा राहून ऋतिकाशी बोललो, अक्कांशी बोललो होतो तसंच. वजनाचे आकडे सांगितले. तुझं दूध तिच्या अंगी लागत नाही म्हटलं. सकाळी एकदा पाज, बाकी मला बाटली देऊ दे. झोळी थांबली. वाटलं, तिला पटलं.

२१ मार्च
अक्का नाहीत तरी रेघा आहेत. आजच्या चौकटीत मावल्या नाहीत, भिंतीवर उतरल्या आहेत. वजन कमी म्हणजे पाजणं कमी, असं समजली ती. माझी ऋतिका. कधी उलट बोलली नाही, सांगितलं त्याच्या दुप्पट करायची —

२२ मार्च
४ किलो. रडत नाही. फक्त ढेकर.
ताईला फोन केला. निघाली आहे.
राई टाकली. दोन्ही उंबऱ्यांवर, खिडक्यांत. तिचं नाव घेऊन, जा म्हटलं. मग वळून बघितलं — झोळी हलत होती.
ती आत होती. मी घाईत —

दुपार
राई झाडून काढली. उपयोग नाही. अक्का आल्या, अंगणातूनच रडतात. पाय आत टाकत नाहीत. बांधलेलं सुटत नाही म्हणतात.

ताई दारात हाका मारते. पोर उचलून तिच्याकडे देणार होतो. चार किलोची पोर, उचलली जात नाही. दोन्ही हातांनी ओढली. पलीकडून तितक्याच मायेने कोणी —