तिसऱ्या मजल्यावरच्या कड्या

१० एप्रिल २०२१, नाशिक
आले एकदाची! वाटेत छाटलेल्या द्राक्षबागा दिसल्या. हवा पुण्याहून कोरडी आहे आणि माझ्या खोलीच्या खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो. मन अगदी प्रसन्न झालं. हॉटेलचं नाव 'रॉयल गोदा रेसिडेन्सी'. रॉयल म्हणावं असं इथे काही नाही आणि गोदाही इथून बरीच लांब आहे. मालक सोमनाथशेठ मूळचे नामपूरचे, कांद्याचे व्यापारी. पुष्पगुच्छाऐवजी सॅनिटायझरची बाटली देऊन त्यांनी माझं स्वागत केलं आणि फोटो काढून घेतला. मास्क अर्थातच हनुवटीवर. मी इथली 'अतिथी सुरक्षा अधिकारी'. थोडक्यात, गाढवापुढे गीता वाचायला आले आहे. पण मला वाचायला आवडतं.

११ एप्रिल
आज सगळं हॉटेल फिरून पाहिलं. रिसेप्शनवरचा रवी पाहुण्यांच्या कपाळावर तापमापक रोखतो. त्या यंत्राने माझा, शेठचा आणि भिंतीचा ताप एकच दाखवला. लॉबीत अंतर राखायला पिवळी वर्तुळं आखली आहेत. पाहुणे इमानदारीने वर्तुळात उभे राहतात आणि तिथूनच वाकून एकमेकांच्या कानात बोलतात. तिसरा मजला रुग्णांसाठी आहे. घरात वेगळी खोली नाही, अशांना इथे आणून ठेवतात. तिथल्या प्रत्येक दाराला बाहेरून नवी कोरी कडी. शेठ म्हणाले, पेशंट फिरतात हो मॅडम. मी विचारलं, आग लागली तर? ते म्हणाले, आपल्याकडे कशाला लागतीय. अशा माणसाशी वाद घालणं म्हणजे भिंतीचा ताप मोजणं. मीच सुताराला सांगितलं, परवा येऊन कड्या काढ.

१३ एप्रिल
पाडवा. जेवणघरात श्रीखंड वाढलं जात होतं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे एक रुग्ण वाटी घेऊन रांगेत हजर. ओझरला चांगल्या हुद्द्यावर आहेत म्हणे. मास्क एका कानाला लोंबत होता आणि वर मलाच म्हणाले, सणाचं कुठं एवढं मनावर घ्यायचं. त्यांना हाकलून वर पाठवलं आणि सुतारालाही परत पाठवलं. माणसं कडीच्याच लायकीची असतात. कड्या राहू देत.

१६ एप्रिल
पेठकडची नवसाबाई साफसफाईला आहे. ती तिसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली झाडत नाही. दारातूनच औषध फवारते आणि पळते. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "आत बाई हाय." खोली रिकामी आहे. मी दोन शब्द असे सुनावले की तिने पदरात तोंड लपवलं. अडाणीपणावर लस कधी निघायची कोण जाणे.
दुपारी रिसेप्शनचा फोन वाजत होता. रवी उचलेना, म्हणून मी उचलला. एक म्हातारा आवाज होता: "पोरी, दार उघड वं. आठे मी एकलीच शे." मी खडसावलं, आजी, एकट्या असलात तरी नियम म्हणजे नियम. फोन ठेवल्यावर फोनवरचा दिवा पाहिला. शेवटच्या खोलीचा होता.
तारा कुठेतरी चुकीच्या जोडल्या असणार. वायरिंग शेठच्या मेव्हण्याने केलं आहे, म्हणजे आणखी काय होणार?

१८ एप्रिल
भर दुपारी स्वतः जाऊन ती खोली उघडली. स्वच्छ. फिनेलचा वास. कोणी नाही. नवसाबाईला बोलवून दाखवणारच होते, तेवढ्यात दाराच्या आतल्या बाजूला लक्ष गेलं. खाली, बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथे, रंग खरवडलेला होता. नखांनी. चौकटीच्या फटीत हिरव्या बांगडीची काच.
आचारी रहेमानचाचा मनमाडचे आहेत. त्यांना विचारलं. आधी त्यांनी कांदा चिरणं थांबवलं नाही. मग सांगितलं. बागलाणातली कुसाबाई. मुलाने गेल्या महिन्यात आणून सोडली. तापात दिवसभर फोन करायची, अहिराणीत. रवीला वाटायचं, म्हातारी बरळते, आणि तो फोन ठेवून द्यायचा. जेवणाची ताटं दाराबाहेर ठेवली जायची. कडी दुसऱ्या कुणीतरी उघडली असेल, असं प्रत्येकाला वाटत राहिलं. शेवटी दार उघडलं तेव्हा ती दाराला टेकून बसलेली होती. शेठने सगळ्यांना सांगितलं की हॉस्पिटलात हलवली, तिथे वारली.
चाचा म्हणाले, "मालूम सबको है, मॅडम. बोलत कोणी नाही."
तडक शेठकडे गेले. म्हटलं, आत्ताच्या आत्ता कड्या काढा. ते शांतपणे म्हणाले, सुताराला परत तुम्हीच पाठवलं ना मॅडम?
मी आले तशी खोलीत परतले.

२० एप्रिल
सकाळी कॉफीला वास नव्हता. घशात काटे. तपासणीत पॉझिटिव्ह सापडले. गावात कुठेही खाट नाही. तिसरा मजला भरलेला. रिकामी राहिलेली खोली एकच.
हसू आलं. भुताखेतांवर विश्वास ठेवायला मी काही नवसाबाई नाही. कडी लावणार नाही, असं शेठकडून वदवून घेतलं. त्यांनी हात जोडले. हात जोडायला त्यांना कष्ट पडत नाहीत.

२२ एप्रिल
कडी लागली. आवाज स्पष्ट ऐकला. रवीला फोन केला. म्हणाला, चुकून लागली असेल, कुणाला तरी पाठवतो.
'कुणाला तरी' — या हॉटेलात तोच एक इसम सगळी कामं करतो.
ताप आहे. झोपून उठले तर दाराशी बसलेली होते. पलंगावरून इथवर कधी आले? नखं दुखतात. नखांत तपकिरी रंग —

२३ एप्रिल
कोणी आलं नाही. बाटलीतलं पाणी संपलं. नळ कोरडा. ताट बाहेर ठेवल्याचा आवाज येतो, मग पावलं लांब जातात.
रवीला फोन. पाणी मागितलं, दार उघड म्हटलं, अगदी सावकाश, शब्द तोडून. तो म्हणाला, "आजी, नीट बोला. काही कळत नाही."
आजी. मी बत्तीस वर्षांची आहे. त्याच्यावर ओरडले. त्याने फोन ठेवला.

२४ एप्रिल
डोक्यात शब्द नीट आहेत. लिहिते तेही नीट आहे ना? हे नीट वाचता येतंय ना?
मोठ्याने म्हणून पाहिलं — मला पाणी द्या.
कानांवर पडलं — माले पानी दे.
परत म्हटलं. परत तेच. आवाजही माझा नाही. तोंडावर हात दाबला तरी —

दुपार
नवसाबाई! दाराबाहेर तीच आहे, दाराखालच्या फटीतून चप्पल ओळखली. दार बडवलं. म्हटलं, अगं मी उज्ज्वला, तुझी मॅडम, उघड. चुकलं माझं, उघड.
ती दोन पावलं मागे सरकली. मग बाहेर रडायला लागली. म्हणाली, "कुसाबाई, तुला लय सोसाया लागलं गं माय. आमच्यानं दार उघडलं नाय. पर आता जा."
मी नाही — मी ती नाही — किती ओरडले —
ती खाली बसली. लोखंडाचा आवाज. उंबऱ्यात खिळे ठोकतेय, भूत बाहेर येऊ नये म्हणून ठोकतात तसे. एक ठोकला. नवसाबाई, ऐक, मी जिवंत आहे, मी अजून —
दुसरा —
मागून कोणीतरी माझ्या केसांवरून हात फिरवतंय, फार मायेने, म्हणतंय रडू नको पोरी, आते आपन दोन्ही —