गाळलेल्या नोंदी

३ तारीख, सोमवार
आज सकाळी साडेदहाला मुलाखतीतच साहेब म्हणाले, उद्या कशाला, आत्ताच कामाला बस. आणि माझं आयुष्य तिथंच बदललं. कॉलेज अर्धवट सोडलेल्या पोराच्या हाती अख्खी सर्व्हरची खोली! जिच्याशी लग्न करायचंय तिची अट आहे: सहा महिने एका जागी टिकून दाखव, मग घरी लग्नाचा विषय काढते. टिकणार. डोकं तापू देणार नाही.
काम मजेचं आहे. कोण आत शिरलं, कुणाचं लॉगिन चुकलं, एवढ्याच नोंदी गर्दीतून निवडून वेगळ्या फाइलीत टाकायच्या. त्याचे नियम मी लिहायचे.

४, मंगळवार
जुन्या नियमांत एक ओळ दिसली: सर्व्हरच्या स्वतःच्या कीबोर्डवरून चुकलेलं लॉगिन नोंदवायचं नाही, टाकून द्यायचं. शेजारच्या टेबलावरच्या काकांना विचारलं. म्हणाले, तुझ्या जागी आधी होता त्यानं लावलीय बाबा, राहू दे, तुझं काय जातंय? तापलंच डोकं. लपवाछपवी करणाऱ्याचं बिंग फोडायलाच हवं. ओळ उडवली.

५, बुधवार
दुपारी बारा. सर्व्हरच्याच कीबोर्डवरून चुकलेलं लॉगिन, नाव: खारूताई.
मी तिला तसं म्हणतो. फक्त मी, फोनवर, याच खोलीतून. म्हणजे कुणीतरी कान लावतंय. काकाच! तरी गोड गोड बोलतात.

६, गुरुवार
काकांची कॉलर धरली. साहेबांनी सोडवलं, वर म्हणाले, पुन्हा असं केलंस तर घरी बस. आणि कीबोर्ड कुठला? तो वर्षापूर्वीच काढलाय.
सर्व्हरच्या रॅकमागे जाऊन पाहिलं. वायरच नाही. नुसती धूळ.
फाइलीत आता तिचं खरं नाव. चौदा वेळा.

७, शुक्रवार
काका स्वतःहून बोलले. आधीच्याच्या बायकोचं नाव असंच यायचं. ज्या दिवशी ते न चुकता बरोबर लागलं, त्या दिवशी ती घरातून नाहीशी झाली. नंतर त्याला फाईल बघवेना, म्हणून ती ओळ.
आज फाइलीत माझ्या खारूताईचं नाव, आडनावासकट. चुकलं. चुकलं. चुकत राहू दे रे देवा.

८, शनिवार
तिचा फोन लागत नाही. नाव न सांगता घरी फोन केला; तिची आई म्हणते, सकाळीच निघाली, कुणाला तरी भेटायला. म्हणजे माझ्याकडेच —

११.४०. लॉगिन बरोबर. तिच्या नावानं. असं खातंच नाही इथं —
कीबोर्डच्या कळा वाजतायत. मागे. रॅकच्या मागे —

बाहेर आलो. दार लावलं. पाठ टेकून लिहितोय. आतून हाक येतेय. आवाज तिचाच. म्हणतेय, उघड ना, इथं फार थंड —