घाटाच्या डोक्यावरचा थांबा

अण्णा, पुढच्या महिन्यात मी डेन्मार्कला जाऊन गाडी चालवणार आहे. साधीसुधी नाही, मागे अख्खं घर असलेली गाडी. आत पलंग, शेगडी, भांडी घासायला एवढीशी मोरी, त्याहून इवलासा फ्रिज आणि, हसू नका, संडाससुद्धा. मोटरहोम म्हणतात तिला. तुमची नात तिकडे नोकरी करते, तिनंच हे काढलंय. समुद्राच्या कडेकडेनं चार-पाच दिवस हिंडायचं, गाडीच्या पाठीला दोन सायकली अडकवायच्या, आवडेल तिथं उतरून सायकलनं भटकायचं, पाण्यात पाय बुडवायचे आणि रात्री गाडीतच पथारी. आम्ही दोघीच. गाडी ठरवून झालीय, पण उद्या संध्याकाळपर्यंत रद्द करता येते, त्यानंतर नाही. म्हणून आज दुपारी सगळी कामं तशीच टाकून हे लिहायला बसलेय. घरात कुणाला विचारायला जावं तर प्रत्येकाचं एकच, "तुला झेपेल का?" हे विचारायला मला दुसरं माणूस कशाला हवं? सकाळपासून मीच मला तेच विचारतेय. हे पत्र कुठं पोचणार नाही हेही कळतंय मला. तरी तुम्हालाच लिहावंसं वाटलं, कारण गाडीतलं घरात फक्त तुम्हालाच कळायचं.

भीती कशाकशाची वाटते म्हणून सांगू! तिकडे सगळं उजव्या बाजूनं चालतं. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. इतकी वर्षं मी इंदिरानगरात शाळेच्या पोरांची व्हॅन चालवली. हायवेखालच्या बोगद्यातल्या गर्दीत रिक्षा, टेम्पो, उलटे घुसणारे दुचाकीवाले, सगळ्यांमधून वाट काढत पोरं घंटेआधी शाळेत पोचवली. पण ते सगळं डावीकडून. हात आपसूक चालायचे. आता त्याच हातांना सांगायचं की बाबांनो, आजवर शिकलात ते विसरा. त्यात तिकडे उजवीकडे वळायचं असेल तर मागून येणाऱ्या सायकलवाल्यांना आधी जाऊ द्यायचं असतं. ते थांबत नाहीत म्हणे, हक्कच असतो त्यांचा. आपल्याकडे हॉर्न वाजवला की बिचारा सायकलवाला कडेला होतो, तिकडे कडेला व्हायचं ते मी. शिवाय वारा. लेक म्हणते, समुद्राकडे वारा असतो, उंच गाडी जराशी हलते. जराशी म्हणजे किती, ते काही बया सांगत नाही. परवापासून मी दुपारी खाली पार्किंगमध्ये जाते, आमच्या बंद गाडीत डावीकडच्या सीटवर बसते, मांडीवर स्टीलचं ताट उभं धरते आणि उजव्या हातानं हवेत गिअर टाकते. काल वॉचमननं काचेवर टकटक केली. "ताई, चावी हरवली का?" म्हटलं, नाही हो, चावी आहे, डोकं हरवलंय.

मग नको म्हणून सांग आणि मोकळी हो, असं तुम्ही म्हणाल. तिथंच तर घोडं पेंड खातंय. तुमच्या नातीचा संसार गेल्या वर्षी मोडला, अण्णा. आम्हाला कळलं ते सगळं आटोपल्यावर. दोन वाक्यांत सांगितलं आणि लगेच विचारलं, "बाजारात द्राक्षं आली का गं?" तेव्हापासून मी आडून विचारते, सरळ विचारते, ती म्हणते "ठीक आहे." ठीक आहे, ठीक आहे! हे दोन शब्द ऐकले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि मग तिनंच एक दिवस हा बेत काढला. तिला गाडी येत नाही. तिकडे लायसन्स काढणं म्हणजे मोठं दिव्य, म्हणून ती सगळीकडे सायकलनं फिरते. मी म्हटलं, अगं मग हॉटेलात राहू, ट्रेननं हिंडू, नाहीतर मी सरळ तुझ्या घरी येते, छान पुरणपोळ्या करते. तर म्हणाली, "नको आई. घरी तू समोर बसशील आणि माझ्या तोंडाकडे बघत राहशील. मला तसं नाही बोलता येत. तू गाडी चालवतेस, मी शेजारी बसलेय, दोघी पुढं बघतोय, असं असलं तर कदाचित येईल." त्या एका कदाचितसाठी मी डेन्मार्क काय, चंद्रावरही गाडी घालीन. पण तिला शेजारी बसवून कुठं धडकले तर? आणि भिऊन रद्द केलं, तर ती "बरं, चालेल" म्हणेल. भांडणार नाही, रुसणार नाही, फक्त पुन्हा काही मागणार नाही. माझ्याच पोटची आहे, मला ठाऊक आहे.

हे शेजारी बसून बोलणं तिच्यात कुठून आलं, हेही ठाऊक आहे. घरात तुमच्या तोंडाला कुलूप. आई ताट वाढायची, तुम्ही "हं" म्हणायचात, जेवण झालं की उठायचात. टेम्पोत बसलात की मात्र गडी वेगळाच. विंचूरला कांदा भरायचा आणि पेठ गावावरून घाट उतरून खाली गुजरातेत न्यायचा, हा तुमचा धंदा. शाळेला सुट्टी लागली की मी शेजारच्या सीटवर. सोसायटीतल्या बायका विचारतात, तुम्ही गाडी कधी शिकलात? म्हणते, सुट्टीच्या दिवशी, विंचूरच्या रिकाम्या मार्केटात, कांद्याची टरफलं उडत असताना. त्याआधी सायकल. एकदा कांद्याच्या गोण्यांवर आडवी बांधून तुम्ही जुनी दांडीची सायकल आणलीत. आई म्हणाली, पोरीला दांडीची? तुम्ही म्हणालात, "सायकलीला काय कळतंय पोरगी का पोरगा." मी दांडीखालून पाय घालून ती शिकले, गुडघे फोडून घेतले. तेच गुडघे आता जिना उतरताना कुरकुर करतात आणि लेक म्हणते, समुद्राकाठच्या वाटा सपाट आहेत आई, तुला कळणारसुद्धा नाही. बघू.

पेठ मागे पडतं. भरलेला टेम्पो सपाटीवरून चाललाय, तुम्ही मला मामाच्या लग्नातली गंमत सांगताय आणि पुढं घाटाचा उतार दिसायला लागला की तुमचं बोलणं अर्ध्यात थांबतं. तुम्ही गाडी कडेला घेता. दर खेपेला, त्याच जागी. मी उडी मारून उतरते आणि पुढच्या चाकापुढं दगड लावते, ते माझं काम. "काय झालं अण्णा?" "काय नाय. ब्रेक थंड होऊ दे." तुम्ही कॅनमधलं पाणी ओंजळीत घेऊन तोंडावर मारता. खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसता. बिडी पेटवता. पुन्हा हात पुसता. दरीकडे पाठ करून बसता आणि मी करवंदाच्या जाळीत घुसते. बिडी संपली की हाक येते, "चल, काढ दगड." मग खाली उतरेपर्यंत तुम्ही असे निवांत, जणू अंगणात खाट टाकून पडलाय.

बोलणी खाल्ली तीही त्याच घाटात. मी कॉलेजात होते, परतीची रिकामी खेप होती, तुम्ही स्टिअरिंग माझ्याकडे दिलं होतं. वळणावर समोरून लाकडानं भरलेला ट्रक आला आणि मी डोळे मिटून किंचाळले. हात सुटलेच माझे. तुम्ही शेजारून स्टिअरिंग ओढून गाडी सावरलीत. मला वाटलं, आता बसतेय कानाखाली. तुम्ही गाडी बाजूला घ्यायला लावलीत, स्वतः उतरून दगड लावून आलात आणि म्हणालात, "भ्यायचंय ना तुला? मग आता भिऊन घे. निवांत भिऊन घे, लय भिऊन घे. पण गाडी उभी करून. चालत्या गाडीत भ्यायचं नाय. शेजारी बसलेल्यानं कुठं जायचं मग?" मी हुंदके देत होते आणि तुम्ही शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवत होतात. रडून झाल्यावर म्हणालात, "झालं? चल." पुढं पेठपर्यंत मीच चालवली.

आणि समुद्र! तो तर विसरणं शक्य नाही. वलसाडला कांदा उतरवला आणि आई बरोबर होती म्हणून तुम्ही टेम्पो तिथल्या किनाऱ्याकडे वळवलात. आईनं आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. तुम्हाला इतका हुरूप आला की तिला बसल्या जागी लाटा दाखवायच्या म्हणून गाडी थेट वाळूत घातलीत. घाटातला पक्का गडी, पण वाळूची ओळख कुठली! मागची चाकं अशी रुतली की काळी वाळू उडून तिघांच्या डोक्यात. आई म्हणाली, "समुद्र दाखवायला आणलंय का समुद्रात घालायला?" शेवटी कांद्याची रिकामी बारदानं चाकांखाली अंथरली, चार माणसं ढकलायला आली आणि गाडी निघाली. तोवर दिवस मावळला. मग काय, तिथंच कडेला स्टो पेटवून आईनं पिठलं केलं आणि आपण मागे त्याच ओल्या बारदानांवर झोपलो, खारा वारा आणि कांद्याचा वास नाकात घेऊन. आई कितीतरी वर्षं सांगायची, मी समुद्रावर राहून आलेय. मोटरहोम म्हणजे तरी दुसरं काय?

तर लेक परवा म्हणाली, तिकडे एक किनारा असा आहे की गाडी थेट वाळूवर नेता येते, वाळू अगदी टणक असते. मी लगेच मार्केटात जाऊन दोन जुनी बारदानं आणली, धुऊन गच्चीवर वाळवली आणि बॅगेच्या तळाशी घातली. तुमच्या जावयांनी पाहिलं. "डेन्मार्कला कांद्याची पोती? विमानतळावर काय सांगणार?" म्हटलं, माहेरचा आहेर आहे म्हणून सांगीन. ते हसले आणि मग हळूच म्हणाले, "इतकी घाबरतेस तर नको ना जाऊ." मला राग आला, कारण ते प्रेमानं बोलले होते.

आता खरी गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे लिहायला घेतलं. काल मी फोनवर त्या मोठ्या गाड्यांची माहिती देणारा एक व्हिडिओ बघत होते. तो माणूस सांगत होता, लांब उतार उतरला की ब्रेक तापतात, म्हणून उतरून झाल्यावर गाडी उभी करा आणि ब्रेक थंड होऊ द्या. मी मान डोलावली, पुढं बघत राहिले आणि एकदम व्हिडिओ थांबवला. उतरून झाल्यावर. अण्णा, तुम्ही तर आधी थांबायचात! घाटाच्या डोक्यावर, उतार सुरू व्हायच्या आधी, सपाटीवरून आल्यावर. ब्रेक तापलेच कुठं होते तेव्हा? मी इतकी वर्षं गाडी चालवते, ब्रेक कधी तापतात हे मला झोपेत विचारलं तरी सांगीन, पण तुमचं वाक्य मी कधी तपासूनच पाहिलं नाही. मग ते हात डोळ्यांपुढं आले. एकदा पुसलेले, पुन्हा पुसलेले. दरीकडे केलेली पाठ. अहो, घाम होता तो. मागे कांद्याचं वजन, पुढं उतार, शेजारी लेक बसलेली, आणि तुम्ही दर खेपेला तिथं गाडी उभी करून, दगड लावून, एक बिडी संपेपर्यंत भिऊन घेत होतात. मला काल किती रडू आलं म्हणून सांगू. मी तुम्हाला कधी घाबरलेलं पाहिलंच नाही, असं जन्मभर लोकांना सांगत आले. दर खेपेला तर समोर बघत होते.

इथवर लिहिलं आणि तिचा फोन आला. तिकडे जेवणाची सुट्टी होती. सायकलनं आली असावी, दम लागला होता.

"आई, खरं सांग हं. उद्या शेवटचा दिवस आहे. रद्द करू का? मला राग नाही येणार."

"येणार नाही, तेच तर वाईट आहे," मी म्हटलं. "काही रद्दबिद्द करायचं नाही. मी येतेय."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मी फोन तसाच कानाला धरून ठेवला.

"पण एक ऐक," मी म्हटलं. "गाडी ताब्यात मिळाली की लगेच निघायचं नाही. मोठ्या रस्त्याला लागण्याआधी मी ती कडेला उभी करणार. तू खाली उतरून चाकापुढं दगड लावायचास."

"दगड? आई, हँडब्रेक असतो तिला."

"असू दे. तू लावायचास. मग थोडा वेळ बसू. चहा कर तू त्या शेगडीवर. आणि मी हातबित पुसत बसले तर माझ्याकडे बघत बसायचं नाही, समुद्र बघायचा."

"पण कशाला थांबायचं? गाडी तर नुकतीच सुरू झालेली असेल."

"ब्रेक थंड होऊ दे," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. तिला गाडीतलं काही कळत नाही. खरं कारण मी तिला सांगितलं नाही, अण्णा. तुम्ही तरी मला कुठं सांगितलं होतं.