बोट गेली, श्रीपाद

प्रिय श्रीपाद,

बोट काल गेली. 'ताई, मोटर नीट बांधून दे, रस्त्यात काही व्हायला नको,' असा तुझा निरोप होता. दिली बांधून. तू बोट विकलीस हे मला त्या निरोपातूनच कळलं. बाबांना मी सांगितलं.

सकाळीच उरला औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या शेडमध्ये गेले. आधी बोटीमागची मोटर पूर्ण खाली सोडून आतलं पाणी निथळू दिलं. पेट्रोलची नळी काढली, टाकीचं झाकण आवळलं, बॅटरीच्या तारा सोडल्या. मग मोटर वर उचलली, नाहीतर उरल्याच्या खड्ड्यांत पंखा रस्त्याला घासला असता. वर उचललेली मोटर नुसत्या खटक्याच्या आधारावर न्यायची नाही, हे बाबा तुलाच समजावून सांगायचे आणि तू फोनमध्ये असायचास. मी ऐकायचे. म्हणून खाली ट्रेलरवर आधाराचा दांडा दिला, दोन्हीकडून पट्टे ताणले, पंख्याला लाल फडकं बांधलं.

तो ट्रेलर बाबांनी रोलिंग मिलमधून निवृत्त झाल्यावर भंगारातल्या लोखंडातून जोडला होता. दर रविवारी आम्ही दोघं बोट गंगरेलला न्यायचो, धरणावर लोकांना फिरवायचो. चालवायचे मी. पण बोटीचे कागद करायची वेळ आली तेव्हा बाबा म्हणाले, "पोट्टीले बोट काय कराची हाय? श्रीपादच्या नावानं राहू दे." मी शेजारीच बसले होते, हाताला ग्रीस लागलेलं. तू पुण्याहून फोनवर 'ठीक आहे' म्हणालास. ताईचं काय, हे तुझ्या तोंडून आलं नाही.

पुढे बाबांना लकवा झाला. तू आलास, त्यांच्यासोबत फोटो काढलेस आणि परत गेलास. मी समता कॉलोनीतल्या दवाखान्यातली नोकरी सोडली. त्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची. मधूनच शेजारच्या गंगाधरकाकांना बसवून शेडमध्ये जायचे, मोटर थोडी चालू करून यायचे. तेवढीच मला मोकळी हवा. तेही तू विकलंस. त्याबद्दल भांडणार नाही. कागदावर तुझंच होतं.

न्यायला भैय्यालाल म्हणून गृहस्थ आले, धरणावर त्यांच्या बोटी चालतात. त्यांनी पट्टा ओढून पाहिला, वाकून दांडा पाहिला. "किसने बांधा?" मी म्हटलं, मैंने. "चलाती भी हो, दीदी?" मी म्हटलं, हव. त्यांचा बोट चालवणारा माणूस सोडून गेलाय. राहायला खोली देतात. मी विचार करायला वेळ मागितला नाही.

तर मी सोमवारी गंगरेलला जाते आहे. रविवारच्या गाडीने गंगाधरकाका बाबांना घेऊन पुण्याला निघतील. स्टेशनवर ये. बाबांना उजवा हात उचलता येत नाही, भात मऊ लागतो, रात्री दोनदा उठवावं लागतं. कालपासून ते सगळ्या गल्लीला सांगताहेत, "पोरानं बोलावलं मले." तू बोलावलंस, असं मीच सांगितलंय त्यांना. मला खोटं पाडू नकोस.

इथवर तुझीच,
चेतनाताई