खालच्या मजल्यावरचं दार

तात्या, आज सकाळी कुत्री पुन्हा साखरेच्या डब्यामागं बघून आली. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, तीही म्हातारी झालीय, मागचे पाय ओढत चालते. तरी इथं जर्मनीत साडेआठ वाजले, म्हणजे अंथुर्ण्यात तुमची जेवून ओसरीवर टेकायची वेळ झाली, की ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहते. तुम्ही होतात तेव्हा मी डब्याला फोन टेकवून ठेवायचे. माझ्याशी दोन शब्द झाले की तुम्ही "यू, यू" करून तिला हाक मारायचात, आणि जर्मन हुकमांवर वाढलेलं हे जनावर तुम्ही कुठं लपलाय ते फोनमागं शोधायचं. आता मी तिथं फोन ठेवत नाही, तरी ती बघते. बघून झालं की माझ्याकडं बघते, आणि ते मला सोसत नाही.

इथल्या रीतींची तुम्हाला भारी गंमत वाटायची. कुत्र्यावर कर काय, हॉटेलात टेबलाखाली कुत्रं काय. पण तिची घाण मी पिशवीत उचलते हे ऐकलंत आणि तुमचा चेहराच उतरला. "एवढी शिकलीस ती ह्याच्यासाठी व्हय?" तुमच्या मागनं आई म्हणाली, "आवं, लेकीसारखी हाय ती तिला. उचलंल न्हाय तर काय करंल?" पुढच्या खेपेला मी आले तेव्हा तुम्ही इंदापूरच्या बाजारातनं घुंगरांचा चामडी पट्टा आणून ठेवला होता. "वासराचा हाय, पर बसंल तिला." तो इथल्या जिन्यात असा खणखणला की तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी माझ्या दाराला चिठ्ठी लावली. रविवारी इथं आवाज करत नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पट्टा काढला आणि फक्त तुमच्या फोनपुरता घालत राहिले. न विचारता कुणाच्या दारात जायचं नाही, कुणाला त्रास द्यायचा नाही, हेही तेव्हाच शिकले. सांगितलेलं गिरवण्यात मी पहिल्यापासून पुढं.

मग दादाचा फोन आला. "तात्यांना बारामतीला दवाखान्यात आणलंय. नीघ तू, उशीर करू नगं." दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात जागा होती. पण कुत्रीला ठेवायचं कुठं? तिला ठेवून घेतील असे ओळखीचे दोघं होते, तेही गावाला गेलेले. कुत्री सांभाळणाऱ्यांची इथं रीत अशी की आधी एक दिवस आणून सोडायचं, जनावर रुळतं का बघायचं, मगच ठेवून घ्यायचं. रीत आहे, म्हटलं मी. ते विमान सोडलं, तिला तिथं नेलं आणि दिवसभर बाहेर गाडीत बसून राहिले. संध्याकाळी तिथली बाई हसत म्हणाली, छान रुळली. तोवर दादाचा दुसरा फोन येऊन गेला होता. आई अजून सांगते, "त्या दिशी डॉक्टर येऊ दे, नर्स येऊ दे, कुणी बी आत आलं की ते त्येच्या मागं बघायचे. मागनं तू येतीस का म्हणून."

दिवस करून परतले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या. वडील गेले म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि कुत्री कुठं होती विचारलं. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझं दार का नाही वाजवलंत? मी ठेवून घेतली असती." माझ्या दारापासून त्यांचं दार सोळा पायऱ्या खाली आहे. अंथुर्ण्यात मी बांधावरनं नुसती हाक मारली असती, आणि चपला पायात सरकवून एसटी धरली असती.

आता मी रोज त्या दारावरनं जाते. म्हाताऱ्या कुत्रीला उचलून उतरवते, आणि सोळा पायऱ्या मोजल्याशिवाय माझा पाय पुढं पडत नाही. हे पत्र घडी करून साखरेच्या डब्यामागं ठेवतेय. उद्या ती बघायला येईल तेव्हा तिथं काहीतरी असू दे. आई पाहुण्यारावळ्यांना अजून सांगते, "पोरीला तिकीटच मिळालं न्हाय वं." तिला तसं मीच सांगितलंय. तिकीट होतं, तात्या.